ताईचा उजवा डोळा

दि. ४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

इकडे आई ठीक, मी ठीक, शिलाई मशीन ठीक. तिघांत मशीनचीच तब्येत त्यातल्या त्यात बरी. फोनच करणार होते. पण फोनवर माझं अर्धं वाक्य होतं न होतं तोच तू प्रार्थना सुरू करतोस आणि आमेन म्हटल्यावर मी काय सांगत होते ते दोघांनाही आठवत नाही. म्हणून पत्र लिहितेय. पत्रात तुला मधे बोलता येत नाही.

चर्चच्या मंडळीचं मासिक आलं. तुझं 'घरातला बोध' वाचलं. गेल्या हिवाळ्यात तू आमच्याकडे मोजून दोन तास आला होतास, आणि त्या दोन तासांतून आतापर्यंत चार महिन्यांचे चार बोध काढलेस. चाळीस वर्षं शिवतेय, पण एवढ्याशा कापडात इतके झगे मला कधी बेतता आले नाहीत. तू लिहितोस की आईच्या हातून कप फुटला तेव्हा 'माझी बहीण हसतमुखाने एकेक तुकडा वेचू लागली, जसा प्रभू आपल्या मोडक्या आयुष्याचे तुकडे वेचतो.' मी हसले नव्हते. मी जे बोलले ते मासिकात छापता येण्यासारखं नाही. आणि मी जमिनीवर बसून काचा वेचत होते तेव्हा तू खुर्चीतून पाय वर घेतलेस, ते लिहायचं राहिलं वाटतं.

मुखपृष्ठावर तुझा फोटोही पाहिला. कमरेला टॉवेल, पुढे टब, आणि प्रभूने शिष्यांचे धुतले तसे तू उपासनेत बारा जणांचे पाय धुतोयस. तुझ्या बायकोनेच मागे सांगितलं होतं की ते बाराही जण घरूनच पाय घासून, नखं कापून येतात, आणि एकाने तर पावडर लावली होती. वा रे नम्रता. इथे आईच्या टाचेची जखम साखरेमुळे भरत नाही. रोज सकाळी कोमट पाणी, मग मलम, मग पट्टी. आईला कधी मी आठवते, कधी आठवत नाही. नाही आठवले की ती माझ्या हातावर चापट मारते. तिथे फोटो काढायला कुणी येत नाही.

आता मुद्द्याचं. माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पुरता पिकलाय. डावा लहानपणापासून नावालाच आहे हे तुला माहीतच आहे. म्हणजे जे काही शिवते ते उजव्यावरच. सुईत दोरा ओवायला दहा-दहा मिनिटं लागतात. परवा काळ्या कोटाला निळ्या दोऱ्याने काजं करून ठेवली आणि गिऱ्हाईकाने दाखवल्यावर मला कळलं. डॉक्टरांनी १२ मे तारीख दिली आहे. नंतर पंधरा दिवस वाकायचं नाही, उचलायचं नाही, चुलीपुढे उभं राहायचं नाही. आईला तर दिवसातून सहा वेळा उचलून खुर्चीत बसवावं लागतं. बाई ठेवून पाहिली. दुसऱ्याच दिवशी आईने पलंगावरूनच तिच्या चपला पाण्याच्या पिंपात टाकल्या. ती बिचारी अनवाणी गेली ती परत फिरकली नाही.

तू पंधरा दिवस ये. शाळेतून निवृत्त झालायस, घरी पोरंबाळं नाहीत, बोध इथे बसूनही लिहिता येतील. डोळा गेला तर मला दुसरं कुठलंच काम येत नाही रे. मला भीती वाटते. हे मी फक्त तुला सांगतेय.

माया आहेच तुझ्यावर. या वेळी तूही थोडी सामानासकट घेऊन ये.

तुझी,
ताई


दि. १५ एप्रिल

ती. ताईस,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचून पोट धरून हसलो. सौ.लाही वाचून दाखवलं. ताई, तुझी जीभ तुझ्या कात्रीपेक्षा धारदार, हे आपले बाबा म्हणत ते काही खोटं नाही. खुर्चीतून पाय वर घेतले ते तुला वेचायला सोपं जावं म्हणून. तुझ्या लक्षात आलं नाही एवढंच.

इकडे सर्व क्षेम. सौ.ला प्रसूती विभागात रात्रपाळी आणि दिवसपाळी आलटून पालटून असते, त्यामुळे स्वयंपाकघर बरेचदा माझ्याकडे. काल दूध उतू गेलं. मी तिथेच थबकलो आणि 'भरून वाहणारी कृपा' हा बोध सुचला. सौ. म्हणाली की कृपा शेगडीवर वाळली की घासून निघत नाही. तिचा स्वभाव तुला माहीतच आहे, पण माझं अक्षर लावून टाइप करणारी तीच एक, म्हणून मी सोसतो.

डोळ्याबद्दलचा मजकूर तीनदा वाचला आणि मन भरून आलं. बाहेरचा उजेड कमी होतो तेव्हा प्रभू आतला दिवा मोठा करतो, हे तुझ्या पत्रातून मला किती स्पष्ट दिसलं म्हणून सांगू. तुला स्वतःला कदाचित दिसत नसेल. तू भिऊ नकोस. आईच्या सेवेत तुला जो आनंद मिळतो तो आम्हा वणवण करणाऱ्यांच्या नशिबी नाही.

१२ तारखेला यायचा पूर्ण प्रयत्न करीन. मासिक १० च्या सुमारास छापखान्यात जातं आणि मुद्रितं तपासायला मी नसलो तर तिथे एक स्वल्पविराम जागेवर राहत नाही. प्रभूची इच्छा असेल तसं होईल. आईला माझा सलाम सांग, आणि तिच्या कपाळाचा माझ्या वतीने मुका घे.

आहे तो लोभ वाढता राहो.

तुझा,
धाकटा


दि. १६ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

प्रभूची इच्छा काय होती मला ठाऊक नाही, तुझी मात्र कळली. ११ ला संध्याकाळी तुझी चिठ्ठी आली की जूनच्या अंकाची मुद्रितं अडकली, पुढची तारीख घे. मी पिशवी भरून बसले होते. १२ ला सकाळी दवाखान्यात जाऊन सांगून आले की घरी माणूस नाही. तिथल्या बाईने विचारलं, भाऊ-बहीण कुणी नाही का. मी म्हटलं आहे की, मासिकात असतो.

आणि त्याच दिवशी मे महिन्याचं मासिक आलं. मथळा, 'मिटत्या डोळ्यांचा आनंद'. मी भिंग लावून वाचलं. 'माझ्या थोरल्या बहिणीने सुई-दोरा खाली ठेवला आहे आणि अंधार आनंदाने कवटाळला आहे.' मी कधी खाली ठेवला रे सुई-दोरा? कुणाला विचारून माझं दुकान बंद केलंस? मी तुला घाबरून पत्र लिहिलं होतं. त्या भीतीला इस्त्री करून तू तिची श्रद्धेची साक्ष केलीस.

आता तुझ्या बोधाची फळं ऐक. परवा आमच्या गायकवृंदाची प्रमुख आली, डोळ्यांत पाणी घेऊन. तिने बावीस झग्यांचं कापड माझ्याकडे दिलं होतं, मापं घेऊन झाली होती. ती म्हणाली, लेख वाचला, तुम्हाला आता त्रास द्यायचा नाही. मी सांगतेय की अहो, ऑपरेशन झालं की शिवीन, आणि ती माझा हात दाबून म्हणते, किती हा धीर. रडणाऱ्या माणसाशी वाद कसा घालायचा? कापड नाक्यावरच्या शिंप्याकडे गेलं. त्याला गळा बेतता येत नाही हे सगळ्या जगाला माहीत आहे.

काल महिला मंडळ आलं. आठ जणी. गाणं म्हटलं, प्रार्थना केली, आणि जाताना मला पांढरी काठी दिली, तिला रिबीन बांधलेली. मी खिडकीतून त्या आठही जणींना कोपऱ्यापर्यंत जाताना नीट पाहत होते. काठी आईने लगेच ताब्यात घेतली. आता ती पलंगावरूनच त्या काठीने पंख्याचं बटण दाबते. तेवढा एक उपयोग झाला म्हणायचा.

डॉक्टर तुझ्यासारखे रिकामे नाहीत. मोठ्या मिनतवारीने ९ जून मिळाली आहे. ते म्हणाले यापुढे उशीर केला तर मोतीबिंदू फुटायची भीती आहे, मग डोळ्याचं काही सांगता येणार नाही. येणार की नाही ते एका ओळीत कळव. त्या ओळीत प्रभूला घालू नकोस.

ताई


दि. २२ मे

ती. ताईस,
प्रभूमध्ये सलाम वि. वि.

तुझ्या पत्राने दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही. मी जे लिहिलं ते निर्मळ मनाने. त्या लेखावर चाळीस पत्रं आली आहेत. एका बाईने लिहिलंय की तुमच्या बहिणीमुळे मी कुरकुर करणं सोडलं. तुझ्या नकळत तू कुणाकुणाचा दिवा झाली आहेस, आणि तू माझ्यावरच तापतेस. झग्यांचं मात्र वाईट वाटलं. मी त्या प्रमुख बाईंना लिहू का?

आता एका ओळीत सांग म्हणालीस, पण एका ओळीत मावत नाही. ७ ते ९ जून आमचं कौटुंबिक संमेलन आहे. तीनशे लोक येणार. ८ ला संध्याकाळी मुख्य संदेश माझा आहे, विषय 'घर हीच पहिली मंडळी'. पत्रिका छापून झाली आहे, त्यात माझं नाव ठळक आहे. ९ ला समारोप. तू डॉक्टरांकडून १६ ची तारीख घेऊ शकशील का? इतका धीर धरलास तसा आणखी आठवडा. मी १५ ला नक्की निघतो, हा माझा शब्द.

राग सोड. आपण दोघंच तर आहोत.

तुझा,
धाकटा


दि. २८ मे

चि. धाकट्यास,

आशीर्वाद आहेत असं समज.

तारीख बदलणार नाही. ९ ला मी एकटी जाईन. आईला सकाळी भरवून, कुलूप लावून जाईन, आणि डोळ्याला पट्टी बांधून परत येऊन तिला उचलीन. टाके तुटले तर तुटले. तू येऊ नकोस. तीनशे माणसांना घर म्हणजे काय ते समजावून सांग. त्यांच्यापैकी कुणाला तरी समजेल.

एकच मागणं आहे. यापुढे मला कुठे छापू नकोस. आईला छापू नकोस, कप छापू नकोस, काठी तर मुळीच नको. उष्टं-खरकटं आमचं आणि त्यावर पंगत तुझी, हे आता पुरे.

ताई


दि. ३ जून

ती. ताईंना,
सलाम वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी मला दाखवलं नाही. मी ह्यांच्या कोटाच्या खिशातून काढून वाचलं. वाचल्यावर इतकी लाज वाटली की काय सांगू. कारण तो डोळ्यांचा लेख मीच टाइप केला होता. 'सुई-दोरा खाली ठेवला' या ओळीवर मी थांबले होते, ह्यांना विचारलंही होतं की ताईंनी असं कळवलंय का. हे म्हणाले, भावार्थ. मी पुढे टाइप केलं. माझंही चुकलं, ताई.

मी तुमच्याकडे यायला रजा मागितली. विभागात दोघी आजारी आहेत, १ जुलैच्या आत रजा नाही म्हणून स्पष्ट सांगितलं. ९ ला तुम्ही एकट्या जाणार या विचाराने मला कामावर काही सुचत नाही. निदान शेजारी कुणाला तरी किल्ली देऊन जा, एवढं ऐका.

माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. संमेलनाचा संदेश टाइप करायला नकार दिला. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पहिल्यांदाच. ह्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं की त्यात सगळं घरच आहे, फक्त घरातली माणसं नाहीत. त्यावर ह्यांनी वही काढून ते वाक्य लिहून घेतलं. मी वही हिसकावून पिठाच्या डब्यात ठेवली. आता हे आपल्याच हस्ताक्षरातला कागद घेऊन संमेलनाला जातील, आणि ते अक्षर ह्यांना स्वतःला लागणार नाही.

आईंना माझा सलाम. माझ्यावरचा जीव काढून घेऊ नका.

तुमची,
धाकटी


दि. ८ जून, बसस्थानक

प्रिय सौ.स,
सलाम.

संमेलनाच्या फाइलच्या मागच्या पानावर लिहितोय. समारोपाला मी थांबत नाही. रात्रीची गाडी पकडून ताईकडे चाललोय. हे पत्र इथल्याच पेटीत टाकतो.

संदेश चांगला झाला. अक्षर दोन-तीन ठिकाणी लागलं नाही, पण लोकांच्या लक्षात आलं नाही. शेवटी मी ताईचं उदाहरण दिलं. तिने मना केलं होतं, तरी दिलं. कारण तिथे सभागृहात इतकी शांतता पसरते की मोह आवरत नाही. संपल्यावर मागच्या रांगेतला एक म्हातारा सुतार उभा राहिला. दर महिन्याला माझा बोध वाचतो म्हणाला. त्याने विचारलं, तुमच्या बहिणीच्या डोळ्याचं काय झालं? मी म्हटलं, उद्या शस्त्रक्रिया आहे. मग त्याने विचारलं, "कोणता डोळा?" प्रार्थना करायची तर नेमकी करावी, म्हणाला, दार सांगितल्याशिवाय आपण कडी तरी कुठे बसवतो.

मला माहीत नव्हतं. माझी सख्खी बहीण, तिच्या त्या डोळ्यावर मी दीड पान लिहिलं, चाळीस पत्रं मिळवली, आणि कोणता डोळा ते मला सांगता येईना. तीनशे माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, डावा. ठामपणे म्हटलं, शाळेत म्हणायचो तसं. आणि सगळ्यांनी उभं राहून डोळे मिटून डाव्या डोळ्यासाठी प्रार्थना केली. फार मनापासून केली. तो सुतार तर रडत होता.

खोलीवर येऊन पिशवीतून तिचं एप्रिलचं पत्र काढलं. मी ते तीनदा वाचलं होतं असं तिला लिहिलंय. उजवा. तिसऱ्या परिच्छेदाच्या पुढे स्पष्ट लिहिलंय, उजवा, आणि डावा लहानपणापासून अधू आहे हेही लिहिलंय. लहानपणी मुलं तिला चिडवायची तेव्हा मी त्यांच्याशी मारामारी करायचो, तेही तेव्हाच आठवलं. मला स्वतःची किळस आली. यात काही बोध नाही, तू शोधू नकोस, मीही शोधत नाही.

तिने दार उघडलं नाही तर परत येईन.

तुझा


दि. २६ जून

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

आधी डोळ्याचं सांगते. चांगला झालाय. काल डॉक्टरांनी रोज तासभर शिवायला मुभा दिली. मी पहिल्याच खेपेत सुई ओवली आणि मशीनपुढे बसून रडले, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही असं सांगितलेलं असूनही. मग भिंतीकडे पाहिलं तर इतकी जाळी, इतकी जळमटं. एवढ्या घाणीत आपण राहतो हे कळायला ऑपरेशन करावं लागलं. बावीस झग्यांपैकी नऊ परत आलेत माझ्याकडे. नाक्यावरच्या शिंप्याने गळे एवढे ऐसपैस बेतले की रविवारी निम्मे गायक एका हाताने खांदा सावरत स्तुती गात होते. तीनशे लोकांची प्रार्थना माझ्या डाव्या डोळ्यापर्यंत व्यवस्थित पोचली असणार. तो होता तसाच आहे. त्या प्रार्थनेचं तुझ्या नवऱ्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी हसले नाही. अजून हसलेले नाही, पण कधीतरी हसेन असं वाटतं.

तुझा नवरा ९ ला सकाळी साडेसहाला दारात उभा होता. गळ्यात संमेलनाचा बिल्ला, डोळे लाल. मी पिशवी घेऊन निघायच्या बेतात होते. काय बोलायचं ते त्याला सुचेना, आणि मला सुचत होतं ते बोलायला वेळ नव्हता. मी त्याला आईच्या गोळ्यांचा डबा दाखवला आणि म्हटलं, तिला उचलताना पाठीत वाकू नकोस, गुडघ्यात वाक.

खरं सांगते, मला वाटलं होतं दोन दिवसांत पळेल. पहिल्या दिवशी टाचेची पट्टी सोडली तेव्हा त्या वासाने तो उठून बाहेर गेला. उलटीचा आवाज मला आतपर्यंत आला. म्हटलं झालं, निघाले साहेब. पण तोंड धुऊन परत आला, बसला, आणि पुन्हा पाणी घेतलं. मलम उलट्या बाजूने लावलं, पट्टी सैल बांधली, आईने चापट मारली. मी डोळ्यावरच्या पट्टीखालून ओरडून ओरडून शिकवलं. हेडमास्तर म्हणून तीस वर्षं मिरवला, पण साधा भात त्याला शिजवता येत नाही. तीन दिवस आम्ही एकदा पाणीदार भात, एकदा बुडाची करपलेली खरपुडी असं आळीपाळीने खाल्लं. मी जे जे बोलले ते तुला लिहीत नाही. बरंच बोलले. चाळीस वर्षांचं साठलं होतं. त्याने एकदाही उलट उत्तर दिलं नाही, आणि एकदाही वही मागितली नाही. संपादकाचं पत्र आलं होतं, बोध पाठवा म्हणून. ते त्याने आईच्या पलंगाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातलं.

आता बरा हात बसलाय. जखमेच्या कडा लाल दिसायला लागल्यात, डॉक्टर म्हणाले भरतेय. आईला उचलतो तेव्हा ती आता ओरडत नाही.

फक्त तिने त्याला ओळखलेलं नाही. एकदाही नाही. पहिले काही दिवस तो रोज सांगायचा, आई, मी तुझा धाकटा. ती म्हणायची, माझा धाकटा मोठा माणूस आहे, त्याचा फोटो येतो. आणि उशीखालचं मासिक काढून त्यालाच दाखवायची. नंतर त्याने सांगणं सोडून दिलं. मला त्याची कीव येईल असं कधी वाटलं नव्हतं, पण आली.

काल तो दुकानात गेला होता. आईने मला काठीने खूण करून जवळ बोलावलं. तिला वाटलं की तो दवाखान्याने पाठवलेला माणूस आहे. अगदी कानाशी तोंड आणून, पण खणखणीत आवाजात म्हणाली, "हा माणूस चांगला आहे गं. माझा मुलगा आला तरी याला काढू नकोस."

तो परत येऊन दारातच उभा होता, हातात पिशवी. त्याने ते ऐकलं. मला वाटलं आता रडेल, नाहीतर निदान प्रार्थना तरी सुरू करेल. त्याने पिशवी खाली ठेवली, तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि म्हणाला, "हो बाई, राहतो."

तू १ तारखेला येशील तेव्हा त्याचे चार शर्ट आण. आणलेले दोन्ही मलमाने गेले. तुझ्यावर माझा जीव आहे, तो काढून घ्यायची माझी इच्छा नाही. तुमचा दोघांचा आमच्यावर राहू द्या.

तुझी,
ताई